मोरचुदातला अर्धा स्पिन

पहिला खडा मी आप्पांच्या गोणीतून उचलला होता. निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला मोरचूद ओळखायला शिकवावं लागत नाही. पाऊस लांबला, ढगाळ हवा पडली, पानामागे केवडा रोगाचा पांढरा बुरा दिसायला लागला की बोर्डो कालवायचं: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं. फवारणीआधी आप्पा त्यात विळ्याचं पातं बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं करपतील, अजून चुना हवा. लोखंडावर तांबं चढताना मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलेय. पुढं त्याच तांब्यानं माझ्या आयुष्याची सहा वर्षं घेतली.

पुण्यात पीएचडीला लागले तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तीन-चार पदार्थांची नावं पुढं ठेवली. तीन नावं उच्चारायलाही अवघड होती. चौथं कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. "मॅडम, हे तर मोरचूद," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो ना. घरोघरी असतं, आणि एक मितीतलं इतकं स्वच्छ चुंबक फार थोड्या ठिकाणी सापडतं. तुला जमेल का बघ." मला तेव्हा एक मितीतलं चुंबक म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं.

मोरचुदाच्या खड्यात तांब्याच्या प्रत्येक आयनावर जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो. त्याचा स्पिन म्हणजे एक इवलंसं चुंबक. खड्यात तांब्याच्या दोन प्रकारच्या जागा आहेत. निम्मे आयन एका सरळ दिशेनं एकमेकांशी बांधलेले असतात आणि त्यांची साखळी होते. उरलेले निम्मे जवळजवळ एकटे राहतात, शेजाऱ्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. साखळ्यांचंही एकमेकींशी जवळजवळ काही नसतं. म्हणजे खडा हातात धरला तर तो तीन मितींचा, पण त्यातल्या चुंबकांना मात्र पुढं आणि मागं एवढंच जग माहीत. साखळीतल्या दोन शेजाऱ्यांना विरुद्ध दिशेला तोंड करायला आवडतं. ही ओढ किती मोठी, तर सुमारे 0.25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. तापमानाच्या भाषेत सांगायचं तर 3 केल्विनच्या आसपास. खोलीतल्या 300 केल्विनच्या धडधडीत ती कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून प्रयोग निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसच्या, अगदी जवळ जाऊन करावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. घरी कपडे वाळत घालायची तार असते, तिच्यावर चिमटे लावा: एक तोंड वर, एक खाली, एक वर, एक खाली. मधला एकच चिमटा उलटा करा. आता तीन चिमटे एकाच दिशेला झाले, म्हणजे दोन सांधे बिघडले, एक त्याच्या डावीकडं आणि एक उजवीकडं. मग डाव्या सांध्याशेजारचे दोन चिमटे आपापसात बदला. बिघडलेला सांधा दोन घरं पुढं सरकला, आणि याला जादा खर्च काही आला नाही. तसाच उजवा सांधाही सरकवता येतो. थोड्या वेळानं दोन्ही सांधे एकमेकांपासून कुठल्या कुठं गेलेले असतात. उलटवला होता एक चिमटा, म्हणजे एक पूर्ण स्पिन, आणि आता तारेवरून अर्धा-अर्धा स्पिन घेऊन दोन स्वतंत्र वाटसरू चाललेत. या वाटसरूला स्पिनॉन म्हणतात. तो कुठल्याही एका इलेक्ट्रॉनमध्ये नसतो. इलेक्ट्रॉन सगळे आपापल्या घरी बसलेले असतात आणि चालत असतो तो फक्त बिघाड. तरी त्याला ऊर्जा असते, संवेग असतो, स्पिन असतो. कणाला जे जे लागतं ते सगळं.

चिमट्यांचं चित्र मी अनेकांना काढून दाखवलंय, पण ते एका ठिकाणी खोटं बोलतं. खऱ्या साखळीत कुठलाच स्पिन ठामपणे वर किंवा खाली नसतो. प्रत्येकजण दोन्हीकडं असतो आणि शेजाऱ्याशी गुंतलेला असतो. निरपेक्ष शून्यालासुद्धा ही साखळी एका ठरावीक रचनेत स्थिरावत नाही. 1931 साली हान्स बेथे यांनी या साखळीचं अचूक उत्तर काढलं. त्या उत्तरात हा अर्धा स्पिन लपलेला होता, पण तो ओळखायला पन्नास वर्षं गेली. 1962 मध्ये द क्लोइझो आणि पिअरसन यांनी ऊर्जेची खालची कड, म्हणजे कुठल्या संवेगाला कमीत कमी किती ऊर्जा लागते ते, काढली, तेव्हाही तो पूर्ण स्पिनाचाच कण समजला गेला. 1981 मध्ये फद्देयेव आणि ताख्ताजान यांनी दाखवलं की कण अर्ध्या स्पिनाचा आहे आणि तो जोडीनंच जन्माला येतो. मला या पन्नास वर्षांचं फार अप्रूप वाटतं. उत्तर कागदावर होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

हे बघायचं तर न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, म्हणून तो खड्यात खोलवर शिरतो. पण त्याला स्वतःचा स्पिन असतो, म्हणून तो चुंबकांना ठेच देऊन जातो. आत जाताना त्याची ऊर्जा किती, बाहेर पडताना किती आणि तो किती वळला, हे मोजलं की आत काय जन्मलं ते कळतं. या पद्धतीसाठी शल आणि ब्रॉकहाउस यांना 1994 चं नोबेल मिळालं. ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात काम करून आलेल्या पी. के. अय्यंगारांनी हे शास्त्र ट्रॉम्बेत रुजवलं.

न्यूट्रॉन म्हटलं की हायड्रोजन हा शत्रू. तो न्यूट्रॉनला दिशा न बघता चहूकडं उधळतो, आणि मोरचुदात प्रत्येक तांब्यामागं पाच पाणी, म्हणजे दहा हायड्रोजन. त्यांच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, बसवला तर ही उधळण सुमारे चाळीसपट कमी होते. म्हणून मला मोरचूद जड पाण्यात, म्हणजे ड्युटेरियमच्या पाण्यात, वाढवायचं होतं. आपल्याकडं अणुभट्ट्यांसाठी जड पाणी बनतं, आपल्या अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना आहे. आमच्याकडं ते सीलबंद बाटलीतून आलं. बाटली हातात घेतली की नेहमीपेक्षा थोडी जड लागते. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दहा-अकरा टक्के जास्त.

शुद्ध मोरचूद भट्टीत तापवलं की त्यातलं पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीवर जड पाणी ओतलं की बघता बघता निळा रंग परत येतो, आणि भांडं हाताला गरम लागतं. हे मी किती वेळा केलं असेल, पण तो रंग परतताना दरवेळी थांबून बघितलाय. मग संपृक्त द्रावण करायचं, छोटा बीजखडा नायलॉनच्या धाग्याला बांधून त्यात सोडायचा आणि वाट बघायची. शाळेच्या प्रदर्शनात मुलं करतात तेच. फरक इतकाच, की आम्हाला भांडं उघड्या हवेत ठेवता येत नव्हतं. पुण्याच्या जुलैमधली हवा म्हणजे पाण्यानं भरलेली; त्यातला साधा हायड्रोजन गुपचूप आत शिरतो आणि ड्युटेरियमला बाहेर काढतो. म्हणून सगळं कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून. बीज लटकवताना धाग्याची गाठ मारायला पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली होती.

पहिले दोन मोठे खडे मी घालवले. ही चूक माझी, आणि ती सांगते, कारण कुणालातरी उपयोगी पडेल. उष्माधारिता, म्हणजे तापमान वाढवायला किती उष्णता लागते ते, मोजायला खडा यंत्रात ठेवला, सवयीनं खोलीच्या तापमानालाच निर्वात पंप लावला आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर निळ्याशार खड्याच्या कडांवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखं. निर्वातात मोरचूद आपलं पाणी सोडतं. गरम करायचीही गरज नसते. पाणी गेलं की रचना बदलते, रचना बदलली की साखळी बदलते. चार महिन्यांची वाढ एका जेवणाच्या सुट्टीत गेली. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी हेलियम वायूत थंड कर, बर्फ होऊ दे, मग हवा काढ. आणि हे वहीच्या पहिल्या पानावर लिही." ते वाक्य अजून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

पुढच्या वर्षी सहा खडे तयार झाले. त्यातला एक आम्ही ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉन झोतात तपासला. आलेखातली शिखरं अणकुचीदार आली, म्हणजे खडा एकसंध. खालची पार्श्वभूमी कमी आली, म्हणजे हायड्रोजन बराचसा गेलेला. खरा प्रयोग मात्र थंड, म्हणजे हळू चालणाऱ्या न्यूट्रॉनांवर करायचा होता, चुंबक आणि मिलिकेल्विन दोन्ही एकत्र, आणि त्यासाठी आम्ही इंग्लंडमधल्या डिडकॉट गावाजवळच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्राकडं अर्ज केला. त्याआधी दुसऱ्या एका केंद्रानं आमचा अर्ज परत पाठवला होता. शून्य क्षेत्रातली, म्हणजे बाहेरून चुंबक न लावता केलेली मापनं 2013 मध्येच प्रसिद्ध झालीत, मग तुम्ही नवीन काय करणार, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. खरं तर त्या प्रश्नानंच आमचं काम नीट आखलं गेलं.

नवीन काय, ते असं. साखळीवर बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावत गेलं की सुमारे 4 टेस्लाला (टेस्ला हे या क्षेत्राचं माप) सगळे स्पिन एका दिशेला वळतात. त्यापलीकडं साखळी शांत: सगळे सरळ उभे, एखादा उलटला तर त्याची लाट पसरते, आणि त्या लाटेला मॅग्नॉन म्हणतात. हा पूर्ण स्पिनाचा साधासरळ कण. 4 टेस्लाच्या अलीकडं मात्र स्पिनॉनांचं राज्य. मधला तो क्षण म्हणजे क्वांटम क्रांतिक बिंदू. बर्फ वितळतो तो उष्णतेनं. इथं उष्णता जवळजवळ नाहीच, फक्त चुंबकाची मूठ फिरवायची आणि पदार्थाची अवस्था बदलते. उष्णतेची थरथर थांबली तरी क्वांटम थरथर उरते, आणि त्या बिंदूवर तीच सगळं ठरवते. पूर्ण स्पिनाचे कण अर्ध्या स्पिनाच्या कणांत कसे रूपांतरित होतात, हे एकाच खड्यात, एकाच मुठीनं, टप्प्याटप्प्यानं बघायचं होतं. दुसऱ्या अनेक साखळ्यांना हा बिंदू गाठायला फार मोठं चुंबक लागतं. कॉपर पायराझिन डायनायट्रेटला, खड्याच्या दिशेनुसार, 14 ते 15 टेस्ला. मोरचुदाची ओढ इवलीशी, म्हणून 4 टेस्लात काम भागतं.

अर्ज मंजूर झाला, सहा दिवस मिळाले. खडे काचेच्या नळीत वितळबंद करून, सुरक्षेचे सगळे कागद जोडून आधीच पाठवले. मी नोव्हेंबरात पोचले. डिडकॉटहून बसनं हार्वेलच्या पठारावर जायचं, दोन्ही बाजूंना ओली शेतं. पहिल्या दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण, छातीवर किरणोत्सर्ग मोजायचा बिल्ला, आणि मग तो प्रचंड हॉल. तिथं प्रोटॉन प्रकाशाच्या 84 टक्के वेगानं टंगस्टनवर आदळतात आणि एकेका प्रोटॉनमागे पंधराच्या आसपास न्यूट्रॉन उसळतात. आमचं यंत्र होतं 'लेट' नावाचं. त्याला सेकंदाला दहा झटके मिळतात. फिरत्या चकत्या हव्या त्या वेगाचेच न्यूट्रॉन पुढं सोडतात. आमचे न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे 700 मीटर जाणारे, आवाजाच्या दुप्पट वेगाचे. कणांच्या जगात हे रांगणंच झालं, आणि म्हणूनच त्यांच्या वेगातला बारीकसा फरकही पकडता येतो.

खडे बसवायला पूर्ण दिवस गेला. धारक सहसा ॲल्युमिनियमचा करतात, न्यूट्रॉनला तो जवळजवळ दिसतच नाही. पण 1.2 केल्विनखाली ॲल्युमिनियम अतिवाहक होतं आणि मग त्यातून उष्णता धड वाहत नाही. आम्हाला 0.1 केल्विनला जायचं होतं, म्हणून तांब्याचा धारक. त्यावर तीन खडे एकाच दिशेनं चिकटवायचे. साधा डिंक चालत नाही, त्यात हायड्रोजन असतो. हायड्रोजन नसलेला फ्लोरिनचा गोंद मिळतो, तो वापरला. तिन्ही खड्यांच्या साखळ्या एका रेषेत आल्या पाहिजेत, अर्ध्या-एक अंशाच्या आत. मोरचुदाच्या खड्याला एकही काटकोन नसतो, सगळ्या कडा तिरप्या, त्यामुळं डोळ्याचा अंदाज साफ चुकतो. क्ष-किरणांनी दिशा बघायची, किंचित फिरवायचं, पुन्हा बघायचं. मग सगळ्यावर तांब्याचा डबा, आत हेलियम वायू, आणि झाकणाला इंडियमची मऊ तार दाबून सील. डबा बंद करताना मी बुरशीसारख्या त्या पांढऱ्या कडा आठवत होते. झाकणाच्या बाराच्या बारा स्क्रूंना मी तीनदा हात लावला.

थंड व्हायला रात्र आणि पुढचा अर्धा दिवस लागला. तापमापक 60 मिलिकेल्विन दाखवत होता, पण तो बसवलेला होता फ्रिजवर. खडा खरंच तितका थंड झालाय का? तिथल्या शास्त्रज्ञानं एक छान खूण शिकवली. न्यूट्रॉन खड्याला ऊर्जा देऊ शकतो तशी खड्याकडून घेऊही शकतो. पण खडा खरोखर थंड असेल तर त्याच्याजवळ द्यायला काहीच नसतं. आलेखाची ती बाजू रिकामी झाली पाहिजे. आम्ही बघत बसलो. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला काहीतरी होतं. रात्री नऊच्या सुमारास ती कोरी झाली.

आधी 5 टेस्ला. खडा अंशाअंशानं फिरवत सगळ्या दिशांची मापनं एकत्र शिवायची असतात. चार-पाच तासांत चित्र उभं राहिलं आणि मी खुर्चीतून उठलेच. मधोमध झोळीसारखी वाकलेली एक रेघ, बारीक, स्वच्छ. तो मॅग्नॉन. आणि वरच्या बाजूला एक सपाट आडवी रेघ, संवेग काहीही असो, ऊर्जा तीच. ते एकटे राहणारे तांबे. त्यांना शेजारी नाही, म्हणून त्यांची लाट कुठं जात नाही. झोळीची खोली मोजली की साखळीची ओढ थेट मिळते: खोली म्हणजे त्या ओढीची दुप्पट. कुठलंही गृहीतक नाही, जुळवाजुळव नाही.

मग चुंबक शून्यावर आणलं. हलक्या हातानं आणावं लागतं, घाई केली तर तांब्यात भोवरी प्रवाह उठतात आणि खडा तापतो. रात्री दीडला मापन सुरू केलं. पावणेतीनला पडद्यावर जे उमटायला लागलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. झोळी गेली होती. तिच्या जागी नुसता धूर, खालपासून वरपर्यंत पसरलेला. मला वाटलं, खडे हलले. थंड होताना गोंद सुटला, तिघांची तोंडं तीन दिशांना झाली. बरोबरच्या मुलीला उठवलं नाही, एकटीनंच दीड तास खड्यांची शिखरं पुन्हा तपासली. सगळी जागच्या जागी होती, एक दशांश अंशही हललेली नव्हती.

मला सिद्धांत पाठ होता. तोच तर बघायला मी आले होते. तरी दोन वर्षं ज्या चित्राची वाट बघितली, त्यात माझ्या डोळ्यांना रेघच हवी होती. कण म्हणजे रेघ, असं डोळ्यांना शिकवलेलं असतं: संवेग सांगा, ऊर्जा सांगते. पण इथं न्यूट्रॉन जी ऊर्जा आणि जो संवेग देऊन जातो तो एकाला मिळत नाही, दोघांना मिळून मिळतो. त्यांनी आपसात वाटणी कशी करायची याला नियम नाही. एकानं जास्त घ्यावं, दुसऱ्यानं कमी, निम्मं-निम्मं घ्यावं. प्रत्येक वाटणीची एकूण ऊर्जा वेगळी, म्हणून एका संवेगाला एक ऊर्जा न येता ऊर्जांचा पट्टाच येतो. तो धूर म्हणजेच दोन अर्धे. एकटा स्पिनॉन असता तर रेघ आली असती.

मग मी त्या धुराच्या कडा बघायला लागले. खालची कड धारदार होती, दोन कमानींसारखी, आणि सगळा उजेड तिच्यालगत साचलेला. वरची कड विरत जाणारी. आलेखाच्या मध्यावरच्या संवेगाला एक उभा छेद घेतला. शून्याजवळून एकदम उसळी, मग लांब उतरती शेपटी, आणि 0.8 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शेवट. त्यावर सिद्धांताची रेषा टाकली. ओढीचा आकडा 5 टेस्लाच्या झोळीतून घेतलेला, एकही आकडा हलवलेला नाही. रेषा बिंदूंमधून गेली. मी ती पुसली, आकडा मुद्दाम पाच टक्के वाढवून टाकली, ती बाहेर गेली. पुन्हा खरा आकडा टाकला, पुन्हा बिंदूंमधून. बाहेर अजून काळोख होता. 1931 च्या कागदावरचं समीकरण आणि माझ्या हातानं धाग्याला बांधलेला खडा एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

गणित असंही सांगतं, की या धुरात दोन स्पिनॉनांचा वाटा सुमारे 73 टक्के. उरलेला जवळजवळ सगळा चार स्पिनॉनांचा, म्हणजे एकाच ठोक्यात दोन जोड्या. हा छोटा वाटा वेगळा काढणं फार नाजूक काम आहे.

भारतात तेव्हा सकाळ झाली होती. आप्पांना फोन लावला. ते बागेतच होते, मागं ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा आवाज येत होता. मी भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पोरी, आपल्या गोणीतल्या खड्यात पण हाये का ते?"

"साखळी आहे आप्पा, तशीच्या तशी. पण खडा इतका गरम आहे की सगळे स्पिन आपापल्या तंद्रीत उड्या मारतात, शेजाऱ्याकडं कुणाचं लक्ष नाही."

"आन् पाण्यात कालवल्यावर?"

"पाण्यात विरघळला की साखळीच तुटली. मग प्रत्येक तांबं सुटं."

"सुटं झालं तरच ते पानाला लागतं," ते म्हणाले. मला हे कधी सुचलं नव्हतं. केवडा मारायला तांबं सुटं व्हावं लागतं आणि स्पिनॉन बघायला ते बांधलेलं असावं लागतं.

उरलेले दिवस 4 टेस्लाच्या दिशेनं पायरी पायरीनं चढलो: 1, 2, 3, मग 3.5, मग आणखी बारीक. क्षेत्र वाढतं तसे धुराच्या कमानींचे पाय सरकतात, धूर विरळ होत जातो, आणि बिंदूपाशी झोळीचा तळ नेमका शून्याला टेकतो. टेकतो तो गोलाईनं: संवेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. शून्य क्षेत्रात हेच नातं सरळ होतं, दुप्पटीला दुप्पट. हा फरक म्हणजेच दोन वेगळ्या प्रकारची क्रांतिकता, एकाच खड्यात. पण बिंदूच्या अगदी जवळच्या हालचाली इतक्या कमी ऊर्जेच्या असतात की 0.1 केल्विनला त्या आमच्या यंत्राच्या पकडीत येत नव्हत्या. तिथं पुण्यातली उष्माधारिता कामाला आली. या बिंदूवर ती तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असायला हवी, आणि आमचा आलेख त्याच वळणानं गेला. एकटे राहणारे तांबे इथं मध्ये येतील अशी मला भीती होती. पण 4 टेस्लात ते सगळे एका दिशेला गोठून गप्प बसलेले असतात.

तिथून ऑक्सफर्ड जवळच. कोबाल्ट नायोबेटचे खडे तिथं वाढवून 2010 मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध झाला त्याबद्दल मी एमएस्सीला असताना वाचलं होतं. तीही साखळीच, क्रांतिक बिंदू सुमारे 5.5 टेस्लाला, आणि त्याच्या जवळ पहिल्या दोन कणांच्या ऊर्जांचं गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तराला, 1.618 ला, जाऊन भिडतं. झामोलोदचिकोव्ह यांनी ते 1989 मध्ये गणितातून सांगितलं होतं. शेवटच्या सुट्टीच्या दिवशी मी ऑक्सफर्डला नुसती जाऊन आले. आत कुठं गेले नाही, इमारत बाहेरून बघितली.

खडे लगेच परत मिळाले नाहीत. न्यूट्रॉन खाऊन तांबं किरणोत्सर्गी होतं. त्याचा अर्धायुकाल 12.7 तास, पण धारकासकट ते निवायला काही दिवस जावेच लागतात. मापक लावून बघितलं आणि डबा शिशाच्या कपाटात ठेवून मी विमान गाठलं.

दीड महिन्यानं पार्सल आलं. नायट्रोजनच्या पेटीत डबा उघडला, इंडियमचं सील चिमट्यानं सोललं. तिन्ही खडे निळेच्या निळे होते, एकाही कडेवर पांढरं नव्हतं. त्यातल्या सर्वांत लहानाचा तुकडा मोडून मी बीज केलंय, कारण पुढच्या वेळी 3.8 आणि 4 टेस्लाच्या मधलं नीट बघायचंय, चार स्पिनॉनांच्या वाट्याचं काय होतं ते. त्यासाठी खडा मोठा हवा. आज सकाळी मोजला, अकरा मिलिमीटर भरला.